मात्रा कोणी मोजायची?

नागीण या रोगाविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. कमरेभोवती उठलेल्या पुरळाची दोन टोके एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, असे आमच्या लहानपणी घरोघर सांगितले जाई. ही समजूत निराधार आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वार्धक्याने किंवा आजाराने शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो, एवढाच तो प्रकार. मांत्रिकाचे लेप आणि मंत्र सोडून लोक आता डॉक्टरकडे जातात, गोळ्या घेतात, हे निःसंशय चांगले झाले. परंतु गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला नागीण झाली तेव्हा तिला मरणाच्या उंबरठ्यापर्यंत नेले ते नागिणीने नव्हे, तर नागिणीवरच्या गोळ्यांनी. त्या अनुभवातून जे प्रश्न उभे राहिले ते केवळ एका घराचे नाहीत, म्हणून हा लेख.

अक्काचे वय ७४, वजन ४६ किलो, मधुमेह वीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी तिच्या मुलाकडे ती राहते. कमरेवर पुरळ आले, आग होऊ लागली, तेव्हा भाच्याने तिला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी रोग अचूक ओळखला आणि व्हॅलासायक्लोव्हिर या औषधाच्या एक ग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा, सात दिवस घेण्यास सांगितल्या. सोबत वेदनाशामक गोळ्या दिल्या. औषधाच्या दुकानदाराने त्या मोजून दिल्या. पहिल्या दिवशी रात्री अक्काला मळमळू लागले. तिने फोनवर मला विचारले, "अरे, गोळ्या थांबवू का?" मी तिला सांगितले, "अक्का, औषध मध्येच सोडायचे नसते. पूर्ण कर." मी उभे आयुष्य अर्थशास्त्र शिकवले, औषधशास्त्रातले मला काही कळत नव्हते. तरी शिकलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने मी तो सल्ला दिला. ही कबुली आधी दिली पाहिजे, कारण पुढे मी इतरांना दोष देणार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचे शब्द अडखळू लागले, हातपाय मधूनच झटके दिल्यासारखे उडू लागले, चालताना तोल जाऊ लागला. भिंतीवर माणसे दिसतात, असे ती म्हणू लागली. संध्याकाळी सून गोळी घेऊन गेली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अगं, मी तर कालच गेले. आता गोळ्या कोणाला देतेस? आणि घरात सुतक का नाही धरलंत?" भाच्याचा फोन आला. "मामा, आईला वेड लागलंय हो. शेजारचे बाधा म्हणतायत." मी पोहोचेपर्यंत तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले होते. तेथे प्रथम असा तर्क झाला की विषाणू मेंदूत शिरला असावा. त्यावरचा उपाय म्हणजे हेच औषध शिरेवाटे आणि अधिक प्रमाणात देणे! रात्रपाळीच्या एका तरुण निवासी डॉक्टरबाईंनी जुन्या कागदांची पिशवी उलगडली नसती, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा पाहून त्या थबकल्या नसत्या, तर पुढे काय घडले असते याची कल्पना करवत नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि दोन वेळा डायलिसिस करविले. चौथ्या दिवशी अक्काने मला ओळखले आणि चहा मागितला.

आता या घटनेमागचे शास्त्र पाहू, कारण ते समजल्याखेरीज त्यामागचे राजकारण समजणार नाही. असायक्लोव्हिर हे औषध बरोज वेलकम या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत वापरात आले. ज्यांच्या संशोधनपरंपरेतून ते आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक यथार्थ होते. हर्पिस विषाणूमुळे मेंदूला सूज आलेल्या रुग्णांपैकी उपचाराअभावी दहांतले सुमारे सात दगावत. या औषधाने ती संख्या दोन-तीनांवर आणली. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचेच सुधारलेले रूप, १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले. पोटातून घेतलेल्या असायक्लोव्हिरपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के रक्तात पोहोचते. व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर त्याचे असायक्लोव्हिर होते आणि निम्म्याहून अधिक रक्तात उतरते. औषध उत्तम आहे, हे निर्विवाद.

परंतु हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम बहुतांशी मूत्रपिंडे करतात. निरोगी माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण अडीच ते तीन तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसात त्याच गोष्टीला सुमारे २० तास लागतात. आधीचे औषध बाहेर पडण्यापूर्वी पुढची गोळी पोटात जाते आणि साठा वाढत राहतो. त्याबरोबरच या औषधापासून शरीरात बनणारे एक दुय्यम द्रव्यही साचते. ज्या रुग्णांना भ्रम झाला त्यांच्या रक्तात हे द्रव्य मोठ्या प्रमाणात आढळते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. पुढे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही ते सापडले. गोंधळलेपणा, भास, अडखळती वाणी, अंगाचे झटके, कधी बेशुद्धी, आणि क्वचित "मी मेलेलो आहे" ही विलक्षण खात्री अशी याची लक्षणे वैद्यकाच्या वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती बहुधा औषध सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत दिसतात, औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतात, आणि डायलिसिसने रक्तातील औषधाचा मोठा भाग काढून टाकता येतो. अक्काची "बाधा" ती एवढीच. ती पुस्तकात छापलेली आहे.

आणि केवळ बाधाच नव्हे, तिचा प्रतिबंधही छापलेला आहे. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० ते ४९ मिलिलिटर असेल तर नागिणीसाठी एक ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, १० ते २९ असेल तर दिवसातून एकदाच, आणि १० च्या खाली असेल तर एक ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम, दिवसातून एकदा, असे कोष्टक उत्पादकाच्या माहितीपत्रकातच असते. ही क्षमता काढण्याचे एक सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडले. १४० मधून वय वजा करा, उरलेल्या संख्येला वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. अक्काचा जुना क्रिएटिनिन १.६ होता. १४० मधून ७४ गेले, उरले ६६, त्यांना ४६ ने गुणले, झाले ३,०३६, त्यांना ११५.२ ने भागले, आले सुमारे २६.४; त्याला ०.८५ ने गुणले की उत्तर येते सुमारे २२. म्हणजे कोष्टकाप्रमाणे दिवसाला एक गोळी. तिला तीन दिल्या गेल्या. पाचवी-सहावीतल्या मुलाला सुटेल असे हे गणित कोणीच मांडले नाही, आणि ते मांडण्याची जबाबदारी कोणाचीही नव्हती.

या ठिकाणी सामान्य वाचकाचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा "थोडासाच वाढलेला" दिसला की मूत्रपिंडे थोडीशीच बिघडली आहेत, असे आपण समजतो. हे द्रव्य स्नायूंतून निर्माण होते. ज्या म्हातारीच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, तिच्या रक्तात ते मुळातच कमी असते. तेव्हा पंचविशीतल्या पहिलवानाच्या बाबतीत निरुपद्रवी ठरणारा आकडा ४६ किलोच्या म्हातारीच्या बाबतीत मूत्रपिंडांची तीन-चतुर्थांश शक्ती संपल्याची सूचना असू शकतो. अर्धपोटी राहिलेल्या, राबून झिजलेल्या शरीराला हा आकडा सर्वांत अधिक फसवतो. दारिद्र्य आकडेशास्त्रातही असे लपते.

हे सारे बोलून दाखवले की तीन आक्षेप ठरलेले असतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप असा की ही घटना दुर्मिळ आहे. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवरून व्यवस्थेला धारेवर धरू नये. माझे म्हणणे असे की दुर्मिळ काय आहे हे मोजल्याशिवाय कसे कळावे? आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. डॉक्टर, औषधविक्रेते, इतकेच काय रुग्णही तेथे कळवू शकतात. परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते कळवणे ऐच्छिक आहे, आणि रुग्णाला असा काही कार्यक्रम आहे याचा पत्ताच नसतो. अक्काला त्या तरुण डॉक्टरबाई भेटल्या नसत्या तर तिच्या मृत्यूची नोंद "वार्धक्य, मधुमेह, मेंदूचा विकार" अशी झाली असती. वेडाच्या भरात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी किती जण गोळ्यांनी गेले, हे कोण सांगणार? ज्या गोष्टीची नोंदच होत नाही तिला दुर्मिळ म्हणणे हा शास्त्राचा नव्हे, सोयीचा निष्कर्ष आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या वतीने केला जातो: रांग लावून बसलेल्या रुग्णांत प्रत्येकाला तीन-चार मिनिटे मिळतात, त्यात गणिते कधी करायची? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो डॉक्टरविरुद्ध नसून शासनाविरुद्ध पुरावा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ या वर्षी, म्हणजे महामारीच्या काळातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. ज्या देशात सरकार हात आखडता घेते, तेथे डॉक्टरचा वेळही बाजारातला माल होतो, आणि गरिबाच्या वाट्याला त्यातला उरलासुरला भाग येतो. अक्काच्या डॉक्टरांवर मला व्यक्तिशः राग नाही. त्यांनी निरोगी माणसाची मात्रा दिली, कारण समोरचा माणूस निरोगी नाही हे पाहायला त्यांना व्यवस्थेने वेळ दिला नव्हता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा लेखांनी लोक घाबरतील आणि उपयुक्त औषधे सोडून पुन्हा मांत्रिकाकडे जातील. ही भीती मला मान्य आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: हे औषध वाईट नाही, नागिणीवर ते लवकर सुरू केले तर फायदा होतो, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णालाही ते कमी मात्रेत देता येते, मात्र डायलिसिसवरच्या रुग्णाकडे कमी मात्रेतही लक्ष ठेवावे लागते. कोणीही हा लेख वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू किंवा घटवू नयेत, डॉक्टरला विचारावे. परंतु लोकांपासून माहिती दडवून त्यांचा विश्वास टिकवता येतो, ही कल्पनाच मला अमान्य आहे. शेजाऱ्यांनी "बाधा" म्हटले ते अज्ञानाने, हे खरे. पण त्यांच्या त्या अज्ञानाला पर्याय म्हणून आम्ही सुशिक्षितांनी काय दिले? "औषध मध्येच सोडायचे नसते" हे माझे वाक्य. त्यातही श्रद्धाच होती, ज्ञान नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे केनेथ ॲरो यांच्या १९६३ मधील प्रसिद्ध निबंधाची आठवण होते. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, हे त्यांनी दाखवून दिले. भाजी घेताना मी वांगे दाबून पाहतो. गोळी दाबून पाहता येत नाही. ही दरी बाजार स्वतःहून भरत नाही. ती भरण्यासाठी डॉक्टरची निष्ठा, औषधविक्रेत्याचे प्रशिक्षण आणि शासनाचा कायदा अशा बाजाराबाहेरच्या संस्था लागतात. आपल्याकडे या तिन्ही संस्था कागदावर आहेत. औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. औषधविक्रेत्याने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावे, असे २०१५ चे विनियम सांगतात. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर बसलेला दुसराच, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या जातात. माहितीपत्रक असलेच तर ते खोक्यातच राहते, आणि हाती आले तरी ते मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते. ते वाचण्यासाठी भिंग आणि पदवी दोन्ही हवीत.

आता आपल्या बाजूचीही झडती घेतली पाहिजे. औषधांच्या प्रश्नावर पुरोगामी चळवळींनी मोठे लढे दिले. १९७० च्या पेटंट कायद्याचे समर्थन केले. १९७५ च्या हाथी समितीने टोपणनावे क्रमाक्रमाने हटवून औषधे मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली, तिचा पाठपुरावा केला. किंमत नियंत्रणासाठी मोर्चे काढले. त्या लढ्यांचे फळ म्हणजे आज असायक्लोव्हिर अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि गावोगाव मिळते. परंतु आम्ही किमतीसाठी भांडलो, मात्रेसाठी भांडलो नाही. गोळी गरिबाच्या हातात पडली की न्याय पूर्ण झाला, असे आम्ही मानले. ती गोळी त्याच्या शरीराला मानवेल की नाही हे ठरवण्याचे ज्ञान मात्र शहरातल्या तज्ज्ञाच्या खोलीतच राहिले. श्रीमंताला औषधासोबत तपासणी, सल्ला आणि पाठपुरावा मिळतो. गरिबाला नुसते औषध मिळते. समतेचा हा अर्धा हप्ता झाला.

मूत्रपिंडाच्या विकाराचे ओझे कोणावर पडते, हेही विसरता येणार नाही. मधुमेह आणि रक्तदाब आता खेड्यांत पोहोचले आहेत. विदर्भातील खारपाणपट्ट्यातली माणसे मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे करीत आहेत. उन्हात राबणारा, पाणी कमी पिणारा, अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कामावर जाणारा मजूर आपली मूत्रपिंडे रोज थोडी थोडी झिजवतो. त्यालाच नागीण झाली की त्याच वेदनाशामकांची भर पडते. असायक्लोव्हिरही, विशेषतः शिरेवाटे वेगाने दिले आणि शरीरात पाणी कमी असले तर, मूत्रपिंडात स्फटिकरूपाने अडकू शकते. पुढे नागिणीच्या मागे राहिलेल्या वेदनांसाठी गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन दिले जाते, आणि तीही औषधे मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतात व साचली की गुंगी आणि झटके आणतात. एकाच बिघडलेल्या गाळणीवर सारा भार, आणि ती गाळणी तपासायला कोणी नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या डायलिसिस कार्यक्रमाखाली गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले. ते स्वागतार्ह आहे. परंतु यंत्रांची संख्या सांगणे सोपे, आणि त्या यंत्राला जोडलेल्या माणसाला बाहेरच्या डॉक्टरने कोणत्या गोळ्या दिल्या आहेत हे दर खेपेला विचारणे अवघड. या औषधाचा धोका सर्वांत अधिक आहे तो याच रुग्णांना. यंत्राचे उद्घाटन होते. प्रश्न विचारण्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो विचारला जात नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक प्रयोगशाळेने क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी मूत्रपिंडाची अंदाजित गाळणक्षमता छापलीच पाहिजे, असा नियम करा. ब्रिटनमध्ये ही पद्धत २००६ पासून रूढ आहे आणि तिला नवे यंत्र लागत नाही, फक्त गणित लागते. मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या औषधांच्या प्रत्येक पट्टीवर, खोक्यावर नव्हे, प्रादेशिक भाषेत ठळक अक्षरांत एक ओळ छापा: मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, डॉक्टरला विचारा. साठीपुढच्या आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक कार्ड द्या, त्यावर त्याचे वजन आणि गाळणक्षमता लिहिलेली असू द्या, आणि ते कार्ड पाहिल्याशिवाय अशी औषधे देऊ नका. क्रिएटिनिनच्या तपासणीचा खर्च सात दिवसांच्या गोळ्यांपेक्षा कमीच असतो. ती सरकारी केंद्रात मोफत आणि त्याच दिवशी झाली पाहिजे. शेवटी, रुग्णालयात आलेल्या दुष्परिणामांची नोंद करणे ऐच्छिक ठेवू नका.

यांतल्या एकाही मागणीसाठी नवे संशोधन नको. सूत्र १९७६ चे, औषध १९८२ चे, कोष्टक छापून तयार. उणीव आहे ती हे काम आपले आहे असे मानणाऱ्या शासनाची, आणि ते मानायला त्याला भाग पाडणाऱ्या नागरिकांची.

अक्का आता बरी आहे. त्या तीन दिवसांतले तिला फारसे आठवत नाही. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा तिने गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तू एवढा शिकलास, तर यातली कुठली मला सोसेल आणि कुठली नाही, तेवढं सांग." मला सांगता आले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे एका भावाचे काम नाही. ते ज्यांचे काम आहे त्यांना हा प्रश्न आता प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.